संप, समेट आणि निवाडा : मुंबईच्या औद्योगिक न्यायालयाची घडण

मालक आणि कामगार यांच्यातील वाद सोडवणारे कायमस्वरूपी औद्योगिक न्यायालय भारतात प्रथम मुंबई प्रांतात, १९३८ च्या कायद्याने उभे राहिले. त्याआधी अशा वादांकडे सरकार एक तर खासगी व्यवहार म्हणून पाही किंवा गुन्हा म्हणून. १८५९ च्या कायद्यानुसार आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला दंडाधिकारी कामावर परत पाठवू शके आणि त्याने ऐकले नाही तर तुरुंगातही टाकू शके. १८६० च्या कायद्याने रेल्वे, कालवे अशा बांधकामांवरील मजुरीचे तंटे झटपट निकाली काढण्याची सोय केली, पण कराराचा भंग करणाऱ्या मजुराला शिक्षा त्यातही होतीच. मजुरीचा दर योग्य आहे का, नोकरीवरून काढणे न्याय्य होते का, हे प्रश्न विचारण्याची जागा कोणत्याच कायद्यात नव्हती. ती जागा तयार झाली ती गिरणगावातील संपांमुळे. प्रत्येक मोठ्या संपानंतर सरकारने सुनावणीची एखादी नवी व्यवस्था आणली आणि तिच्या बदल्यात संपाचा हक्क थोडा आखडला. त्यामुळे कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी, हा प्रश्न या इतिहासात पहिल्यापासून मध्यभागी राहिला.

जॉबरपासून लवादापर्यंत

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली. पुढच्या काही दशकांत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा भाग भरून गेला. या कामगाराचा मालकाशी थेट संबंध फारसा येत नसे. त्याला कामावर घेणारा, बदली देणारा, रजा मंजूर करणारा आणि कामावरून काढणारा माणूस म्हणजे जॉबर. तक्रार करायची ती त्याच्याचकडे, आणि बहुतेकदा तक्रार असे तीही त्याच्याविरुद्धच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० च्या दशकात गिरणी कामगारांना संघटित करायला सुरुवात केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. ती अर्ज, सभा आणि गिरणीमालकांशी बोलणी या मार्गाने मिळाली. तिच्यामागे कोणत्याही न्यायासनाचा हुकूम नव्हता.

वाद तिसऱ्याच्या हाती सोपवण्याची पद्धत मुंबई इलाख्यातच, पण अहमदाबादेत रुजली. १९१८ च्या सुरुवातीला तिथल्या गिरणीमालकांनी प्लेगच्या काळात दिलेला बोनस बंद केला. महागाईमुळे कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडले. गांधीजींनी उपोषण केले, आणि अखेर आनंदशंकर ध्रुव यांना लवाद नेमण्यावर दोन्ही बाजू राजी झाल्या. ध्रुवांनी ३५ टक्क्यांची मागणी मान्य केली. १९२० मध्ये तिथे मजूर महाजन ही संघटना आणि कायम लवाद मंडळ अशा दोन्ही गोष्टी उभ्या राहिल्या. या लवादामागे कायदा नव्हता. मालकांची एक संघटना, कामगारांची एकच प्रबळ संघटना आणि दोघांनी शब्द पाळायची तयारी, यांवर तो चाले. मजूर महाजनाचे चिटणीस गुलझारीलाल नंदा यांनी या पद्धतीचा अनुभव पुढे मुंबईच्या कायद्यांत आणला.

चौकशी समित्यांचा काळ

मुंबईत अशी एकमुखी संघटना नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांनी भरपूर नफा कमावला होता आणि वार्षिक बोनस देण्याची चालही पाडली होती. नफा घटल्यावर तो बोनस बंद झाला आणि १९२४ च्या आरंभी संपामुळे गिरण्या बंद पडल्या. सरकारने मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने कोणताही हक्क पोहोचत नाही, असा समितीने निष्कर्ष काढला. तो ऐकूनही संप तत्काळ मिटला नाही. कराराच्या जुन्या चौकटीत हा वाद मोजला, तर उत्तर मालकाच्या बाजूने येणार, हे मात्र या अहवालाने दाखवून दिले. पुढच्याच वर्षी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर झाली आणि पुन्हा संप झाला. सरकारने कापडावरील अबकारी कर स्थगित केल्यावर मालकांनी कपात मागे घेतली. म्हणजे १९२५ चा वाद न्यायाने नाही, करमाफीने मिटला.

एप्रिल १९२८ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक संपाने या तात्पुरत्या उपायांची मर्यादा उघडी पाडली. दोनऐवजी तीन माग सांभाळा, नव्या दरपत्रकाप्रमाणे मजुरी घ्या, असा गिरण्यांचा आग्रह होता. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने कामावर गेले नाहीत. संपाच्या काळातच श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, आळवे या नेत्यांची गिरणी कामगार युनियन नोंदली गेली. नारायण मल्हार जोशींचा मवाळ गट आणि हा लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्टांचा, गट संयुक्त संप समितीत एकत्र आले. विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश मिळत नाही, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच वेळी संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. कामगार म्हटला की सगळे एकच, हे गृहीत धरता येत नाही, याची ती स्पष्ट जाणीव होती.

ऑक्टोबरमध्ये तडजोड होऊन संप मिटला आणि वादाचे मुद्दे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर चार्ल्स फॉसेट यांच्या समितीकडे गेले. या समितीने कित्येक महिने साक्षी घेतल्या. मजुरीचे दरपत्रक आणि कामाच्या अटींचे नियम कलम-कलमाने तपासले. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून आकडे मांडत आहेत, हे दृश्य मुंबईला नवे होते. पण समितीचा अहवाल बंधनकारक नव्हता आणि तो येण्याच्या सुमारास, २० मार्च १९२९ रोजी, युनियनचे प्रमुख नेते मीरत कटाच्या खटल्यात पकडले गेले. एप्रिलच्या अखेरीस पुन्हा संप सुरू झाला.

त्याच महिन्यात केंद्रीय विधिमंडळाने औद्योगिक विवाद कायदा मंजूर केला. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकले, ते या विधेयकावरील मतदानानंतर. कायद्याने चौकशी न्यायालय आणि समेट मंडळ अशा दोन यंत्रणा दिल्या. सार्वजनिक सेवांमध्ये नोटिशीशिवाय संप करायला बंदी घातली आणि सरकारवर दबाव आणणारे सहानुभूतीचे संप बेकायदा ठरवले. त्याखाली मुंबईतील संपाची चौकशी न्या. पीअरसन यांच्या न्यायालयाने केली आणि संप लांबल्याचा मुख्य दोष गिरणी कामगार युनियनवर ठेवला. ‘न्यायालय’ असे नाव असले, तरी त्याच्या निष्कर्षाची अंमलबजावणी कोणावरही बंधनकारक नव्हती.

१९३४ च्या एप्रिलमध्ये मजुरीकपातीविरुद्ध पुन्हा सार्वत्रिक संप झाला. त्यानंतर मुंबई प्रांताने समेटाचा स्वतंत्र कायदा केला. त्यातला सरकारी लेबर ऑफिसर गिरणीत जाऊन कामगारांच्या तक्रारी ऐके, आणि ते न मिटल्यास प्रकरण मुख्य समेट अधिकाऱ्याकडे जाई. जॉबरला डावलून तक्रार वर नेण्याचा हा पहिला कायदेशीर रस्ता होता. कम्युनिस्टांचा आक्षेप असा, की कामगारांचा प्रतिनिधी युनियनऐवजी सरकारच नेमते आहे.

१९३८ : न्यायालय आणि ‘काळा कायदा’

१९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबईत सत्तेवर आले. नंदा त्यात संसदीय सचिव झाले. जयरामदास दौलतराम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कापडगिरण्यांतील मजुरीची पाहणी करून वाढ सुचवली. त्यामागोमाग सप्टेंबर १९३८ मध्ये औद्योगिक विवादांचे विधेयक विधानसभेत आले. त्याची रचना अहमदाबादच्या अनुभवावर आधारली होती. मजुरी, कामाचे तास, कामाची पद्धत यांत बदल करायचा असेल, तर आधी बदलाची नोटीस द्यायची; मग समेटाची कार्यवाही पार पाडायची; ती संपेपर्यंत संप किंवा टाळेबंदी करायची नाही. बेकायदा संपाला शिक्षेची तरतूद होती. या सगळ्याच्या माथ्यावर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या दर्जाचा अध्यक्ष असलेले औद्योगिक न्यायालय होते. दोन्ही बाजूंनी संमतीने सोपवलेले वाद निकाली काढणे, गिरण्यांच्या स्थायी आदेशांवरील, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नियमांवरील, अपिले ऐकणे आणि संप वा टाळेबंदी कायदेशीर आहे का हे ठरवणे, ही त्याची कामे.

विधेयकावर सर्वांत धारदार टीका स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून आंबेडकरांनी केली. काम सोडणे हा फार तर करारभंग आहे आणि करारभंगाची भरपाई दिवाणी मार्गाने होते. त्याला गुन्हा ठरवून तुरुंगवास देणे म्हणजे माणसाला इच्छेविरुद्ध राबवणे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यांनी मांडले. युनियनच्या नोंदणीच्या अटी मालकांच्या पसंतीच्या संघटनेला झुकते माप देतील, हाही त्यांचा आक्षेप होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप पुकारला. कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. ‘काळा कायदा’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. विधेयक मात्र बहुमताने मंजूर झाले.

न्यायालय कामाला लागते न लागते तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले. भाव चढले आणि महागाई भत्ता हा वादाचा पहिला विषय झाला. न्या. रांगणेकर यांच्या समेट मंडळाने त्याची चौकशी केली, पण तिच्या निष्कर्षांवर समाधान न झाल्याने मार्च १९४० मध्ये संप झाला आणि फसला. १९४१ च्या दुरुस्तीने सरकारला विशिष्ट परिस्थितीत वाद परस्पर औद्योगिक न्यायालयाकडे सोपवता येऊ लागला. १९४२ मध्ये भारत संरक्षण नियमांत ८१-अ हे कलम आले. त्याने देशभर सरकारच्या हाती संपबंदी, सक्तीचा निवाडा आणि त्याची अंमलबजावणी हे तिन्ही अधिकार दिले. युद्धकाळाची तात्पुरती सोय म्हणून आलेला सक्तीचा निवाडा शांततेतही टिकून राहिला.

दोन कायदे, दोन दरवाजे

१९४७ मध्ये मुंबईत दोन कायदे लागू झाले. १ एप्रिलपासून केंद्राचा नवा औद्योगिक विवाद कायदा आला. नंदांनी घडवलेला मुंबई औद्योगिक संबंध कायदा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. कारखान्यांतील सर्वसाधारण कामगार पहिल्याखाली, तर कापडगिरण्यांसारखे ठरावीक उद्योग दुसऱ्याखाली येत.

केंद्राच्या कायद्यात वाद प्रथम समेट अधिकाऱ्यापुढे जाई. तो दोन्ही बाजूंना बोलावून तोडगा सुचवी. समेट फसला, तर तो सरकारला अहवाल देई आणि वाद न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही हे सरकार ठरवी. कामगाराला थेट दार ठोठावता येत नसे. दुसऱ्या बाजूची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी असल्याखेरीज वकील उभा राहू शकत नसे, त्यामुळे कायद्याचा बारकाईने अभ्यास केलेले युनियनचे कार्यकर्ते स्वतःच उलटतपासण्या घेऊ लागले. निवाडा सरकारकडून प्रसिद्ध झाल्यावर तीस दिवसांनी लागू होई.

मुंबईच्या कायद्यात न्यायालयांची उतरंड होती. कामावरून काढलेल्या गिरणी कामगाराने आधी मालकाला लेखी अर्ज द्यायचा. गिरणगावात त्याला ‘अ‍ॅप्रोच लेटर’ म्हणत. तडजोड झाली नाही, तर कामगार न्यायालय आणि त्यावर अपील औद्योगिक न्यायालयात. मजुरीसारखे संपूर्ण उद्योगाचे प्रश्न औद्योगिक न्यायालय लवाद म्हणून ऐके. पण या कायद्याचा खरा कणा होता प्रातिनिधिक युनियन. ठरावीक टक्केवारीचे सभासद दाखवणाऱ्या एका युनियनला त्या भागातील त्या उद्योगातल्या सर्व कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मिळे. मुंबईच्या गिरण्यांत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. हा अधिकार किती पक्का होता, हे १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गिरणीच्या प्रकरणात स्पष्ट केले : प्रातिनिधिक युनियन कामगारांच्या वतीने हजर झाली, की त्या कामगाराला स्वतःचे म्हणणे वेगळे मांडता येत नाही.

निवाड्यांनी काय घडवले

या यंत्रणेचे पहिले मोठे काम म्हणजे मजुरीचे प्रमाणीकरण. एकाच कामाला दर गिरणीत वेगळा दर, ही १९२८ पासूनची तक्रार होती. न्या. हरसिद्धभाई दिवेटिया यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक न्यायालयाने १९४७ मध्ये मुंबईच्या गिरण्यांसाठी २६ दिवसांच्या महिन्याला ३० रुपये किमान मूळ वेतन ठरवले. अहमदाबादसाठी ते २८ आणि सोलापूरसाठी २६ रुपये होते. त्याच्या वर राहणीमानाच्या निर्देशांकाशी जोडलेला महागाई भत्ता आला. भाव वाढले की भत्ता आपोआप वाढे, आणि संपाचे एक जुने कारण त्यामुळे निघून गेले.

दुसरी गोष्ट अधिकाराची. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या मुंबईतील वादात न्यायाधिकरणाला कामगार परत घ्यायला लावता येते का, हा प्रश्न संघराज्य न्यायालयापर्यंत गेला. दिवाणी न्यायालय मालकावर नोकर लादत नाही, फार तर भरपाई देते. १९४९ च्या निकालाने सांगितले, की औद्योगिक न्यायाधिकरण असलेल्या कराराची अंमलबजावणी करण्यापुरते मर्यादित नाही; ते नव्या अटी घालू शकते आणि काढलेल्या कामगाराला कामावर पुन्हा घेण्याचा हुकूमही देऊ शकते. मॅक्लाउड समितीची चौकट इथे मोडली.

बोनसच्या बाबतीत ती प्रत्यक्ष आकडेमोडीने मोडली. १९४९ सालच्या बोनसवरून गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातील वाद नव्या कामगार अपील न्यायाधिकरणापुढे गेला. न्यायाधिकरणाने १९५० मध्ये सूत्र घालून दिले : ढोबळ नफ्यातून घसारा, यंत्रांच्या पुनर्बांधणीची तरतूद, भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के परतावा आणि खेळत्या भांडवलात वापरलेल्या गंगाजळीवर त्याहून कमी परतावा वजा करावा, उरलेल्या शिलकीत कामगारांचा वाटा आहे. २६ वर्षांपूर्वी ज्या बोनसवर कोणताच हक्क नव्हता, तो आता हिशेबाने मागता येऊ लागला. पुढे औद्योगिक न्यायालयाचे माजी अध्यक्ष एम. आर. मेहेर यांच्या आयोगाने हा विषय हाताळला आणि १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला.

याच बोनसवरून ऑगस्ट १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने संप पुकारला. तो ६३ दिवस चालला. कायद्याने बोलण्याचा अधिकार मजदूर संघाला होता आणि रस्त्यावरचा मोठा जमाव सभेच्या मागे. सरकार आणि मालक सभेशी वाटाघाटीला बसले नाहीत, आणि संप हाती काही न लागता संपला. सक्तीच्या निवाड्यावर आतूनही टीका होत होती. केंद्रीय कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांना युनियन आणि मालक यांच्या थेट वाटाघाटी अधिक पसंत होत्या. बँक कर्मचाऱ्यांसंबंधीच्या अपील न्यायाधिकरणाच्या निर्णयात सरकारने फेरफार केला, तेव्हा १९५४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ते अपील न्यायाधिकरणही थोड्याच वर्षांत रद्द झाले.

एकट्या कामगाराची तक्रार

सामूहिक वादांसाठी घडलेल्या या यंत्रणेत एकट्या माणसाची कुचंबणा होई. केंद्राच्या कायद्यानुसार एकाचा वाद युनियनने किंवा बऱ्याच सहकाऱ्यांनी उचलून धरला, तरच तो औद्योगिक वाद ठरे. १९६५ च्या दुरुस्तीने बडतर्फीचा वैयक्तिक वादही औद्योगिक वाद मानला. १९७१ च्या दुरुस्तीने शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त वाटल्यास ती कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला दिला. तोवर मालकाने केलेली खातेनिहाय चौकशी रीतसर असली, की न्यायालयाला शिक्षेत सहसा हात घालता येत नसे.

महाराष्ट्राने आणखी पुढचे पाऊल टाकले. १९६८ मध्ये नेमलेल्या समितीच्या कामातून कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा १९७१ चा कायदा आला. ८ सप्टेंबर १९७५ पासून तो लागू झाला. ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत ३० टक्के सभासद असलेली युनियन मान्यतेसाठी औद्योगिक न्यायालयाकडे अर्ज करू शकते. न्यायालयाचे अधिकारी सभासदांच्या नोंदी तपासतात. अनुचित प्रथा कोणत्या, हे परिशिष्टांत मांडले आहे : सूडबुद्धीने काढणे, खोट्या कारणाने काढणे, युनियनमध्ये जाणाऱ्याला धमकावणे, वर्षानुवर्षे बदली वा हंगामी ठेवून कायम करण्याचे टाळणे. युनियनच्या बाजूच्या अनुचित प्रथाही त्यात आहेत. तक्रार ९० दिवसांत थेट न्यायालयात करता येते, सरकारच्या संदर्भाची गरज पडत नाही. बडतर्फीच्या तक्रारी कामगार न्यायालयापुढे आणि बाकीच्या औद्योगिक न्यायालयापुढे चालतात. शिवाय अंतरिम आदेश मिळू शकतो, त्यामुळे नोकरी जाण्याआधीच ती रोखून धरण्याची सोय झाली.

१९८२ आणि नंतर

गिरण्यांत मात्र प्रातिनिधिक युनियनची व्यवस्था तशीच राहिली. १९८१ च्या दिवाळीच्या सुमारास बोनसवरून असंतोष उसळला आणि कामगार युनियन नेते डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे यांबरोबरच मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करावा, ही मागणीही होती. कायद्याच्या दृष्टीने संप बेकायदा होता आणि सामंतांच्या युनियनला बोलण्याचा अधिकार नव्हता. अधिकार असलेल्या संघामागे कामगार नव्हते. गुप्त मतदानाने प्रतिनिधी ठरवा, ही मागणी मान्य झाली नाही. संप अधिकृतरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. अनेक गिरण्या बंद पडल्या आणि हजारो कामगारांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. आंबेडकरांनी १९३८ मध्ये युनियनच्या नोंदणीबाबत घेतलेला आक्षेप ४४ वर्षांनी या रूपात समोर आला होता.

त्यानंतरच्या सुधारणा वैयक्तिक तक्रारीचा मार्ग रुंद करणाऱ्या आहेत. २०१० च्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्याखालीही बडतर्फ कामगाराला, समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवस उलटल्यावर, थेट न्यायालयात जाता येऊ लागले. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगार न्यायालय आणि न्यायाधिकरण यांच्या जागी एकच औद्योगिक न्यायाधिकरण आहे. त्यात एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य असतो. अनेक युनियन असतील, तिथे ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटी करणार, आणि तसा पाठिंबा कोणालाच नसेल तर संयुक्त परिषद. संपाआधीच्या नोटिशीची अट संहितेने सार्वजनिक सेवांपुरती न ठेवता सर्व उद्योगांना लावली आहे. सुनावणीचा मार्ग मोकळा करताना संपावरील बंधन वाढवायचे, हा १९२९ पासूनचा व्यवहार या संहितेतही कायम आहे.